नाटकं करू दे गो तिला!

"नाटकं करू नकोस!" हे वाक्य आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलं असतं आणि आई झाल्यावर तितक्याच जोरात म्हटलेलंही असतं. पोटात दुखतंय म्हणून शाळा बुडवणाऱ्याला, भाजी नको म्हणून तोंड वाकडं करणाऱ्याला, आरशासमोर आजीची नक्कल करणारीला, सगळ्यांना एकच दम. आपल्या घरांत 'नाटकं' हा शब्द कौतुकानं क्वचितच येतो.

मीही काही वेगळी नव्हते. वर्गात गडबड झाली की टेबलावर डस्टर आपटून म्हणायची, "नाटकं बंद!" तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यातली पहिली बारा-तेरा वर्षं अशीच गेली. मग एका मुलीनं मला माझी चूक दाखवली. मुद्दाम नव्हे. ती तर तोंडच उघडत नव्हती. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. कारण तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या घरात असं एखादं न बोलणारं पोर असेल, आणि खरं सांगायचं तर बँकेच्या नाहीतर दवाखान्याच्या काउंटरपाशी आपणही अनेकदा तशाच गप्प होतो.

"माका नाही, मला म्हण"

माझं माहेर कोल्हापूरजवळचं. लग्न करून गगनबावड्यावरून करूळचा घाट उतरले आणि वैभववाडीची झाले. घाट उतरला की नुसती हवा बदलत नाही, भाषाही बदलते. वर आमची रांगडी कोल्हापुरी, खाली हेल काढून बोलली जाणारी मालवणी. सुरुवातीला सासूबाई काय म्हणतात ते निम्मं कळायचं नाही. त्या "खंय गेललंस?" विचारायच्या आणि मी नुसती हसायची.

खरं तर बोलण्यावरून हसू होणं मला नवं नव्हतं. आमच्याकडे बायकासुद्धा "मी आलो", "मी गेलो" म्हणतात. डी.एड.ला गेले तेव्हा शहरातल्या मुलींनी त्यावरून माझी इतकी थट्टा केली, की पहिले सहा महिने मी वर्गात कामापुरतंच बोलले. अशी बाई स्वतः मास्तरीण झाल्यावर मुलांच्या बोलण्याला जपेल, असं तुम्हाला वाटेल. पण कसलं काय! सासूनं छळलेली सून पुढे तशीच सासू होते म्हणतात ना, तसं माझं झालं. मुलांच्या तोंडून "माका" निघालं रे निघालं, की मी लगेच म्हणायची, "माका नाही, मला म्हण." माझ्या मते मी भाषा सुधारत होते.

ती मुलगी पाचवीत होती. डोंगराकडच्या वाडीवरून चालत यायची. अक्षर मोत्यासारखं, वह्या नीटनेटक्या, कविता तोंडपाठ. पण प्रश्न विचारला की मान खाली. सुरुवातीला थोडं बोलायची. पण दर वाक्याला मी थांबवणार, वर्ग हसणार, असं दोन-चार महिने झालं आणि तिनं बोलणंच सोडून दिलं. चूक करायचीच नाही म्हटलं की गप्प बसणं हा सगळ्यात सोपा उपाय असतो. तो तिनं शोधून काढला होता.

धीटपणा यावा म्हणून मी तिला स्नेहसंमेलनाच्या नाटुकल्यात घेतलं. नाटुकलं मीच लिहिलेलं. तिच्या वाट्याला चार वाक्यं, एकदम पुस्तकी. पोरीनं रात्रंदिवस घोकून पाठ केली. प्रत्यक्ष स्टेजवर दोन वाक्यं बरी गेली. तिसऱ्याला ती अडकली. मी विंगेतून शब्द फेकत होते, तिला काही ऐकू जात नव्हतं. शेवटी ती रडवेली होऊन माझ्याकडे बघत म्हणाली, "माका आठवत नाय." माईक समोरच होता. अख्खा मांडव हसला.

पडद्यामागे आल्यावर मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी म्हटलं, "चार वाक्यं जमली नाहीत तुला?"

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. आठवडा गेला तरी आली नाही. मी वाडीवर गेले. तिची आई अंगणात भात वाळवत होती. माझ्यासाठी पाट मांडला, पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाली, "तेका बोलूक येणा नाय, बाई. सातवीपर्यंत शिकवचा होता. आता ऱ्हवांदे. घराकडे काम आसा."

'परीक्षेपर्यंत तरी पाठवा' अशी गळ घालून मी परत आले. येताना पायवाट कशी सरली मला कळलं नाही. पोर हुशार होतं, शाळेवर तिचा राग नव्हता, घरच्यांचाही फारसा विरोध नव्हता. तिला शाळेतून काढलं होतं ते माझ्या "मला म्हण"नं.

रात्रीचा राजा

त्याच महिन्यात शाळेतल्या एका बाईंनी मला कुडाळकडच्या त्यांच्या माहेरी जत्रेला नेलं. आमच्या सिंधुदुर्गात त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास देवळादेवळांतून जत्रा सुरू होतात, आणि जत्रा म्हटली की रात्री दशावतार आलाच. मी तोवर तो कधी धड पाहिला नव्हता. रात्रभर जागून काय बघायचं, असं वाटायचं.

त्या रात्री पाहिला. देवळासमोर एक मोकळी जागा, एका बाजूला पेटी-मृदंग-झांजवाले आणि मधोमध एक साधं लाकडी बाकडं. तेच बाकडं सिंहासन, तेच रथ, तेच डोंगर. राजा आला. भरजरी अंगरखा, कमरेला तलवार, आणि बोलणं काय! एकेक वाक्य संस्कृत शब्दांनी मढवलेलं. समोरचा ऋषी त्याला तसंच उत्तर देत होता. वाद रंगत गेला, तासभर. एकाचीही जीभ अडखळली नाही.

पहाटे खेळ संपल्यावर राजा चुलीपाशी चहा पीत बसला होता. रंग अर्धवट पुसलेला. बोलता बोलता कळलं की तो दिवसा लोकांच्या बागेत कामाला जातो. रात्री राजा नि सकाळी डोक्यावर बोजा, अशी म्हणच आहे दशावतारी कलावंतांची. मी विचारलं, "दादा, एवढे संवाद पाठ कसे करता?" तो हसला.

"लिवलेला कायच नसता, बाई. आख्यान आधी ठरता, कोण कोणाचो पार्ट करतलो ता ठरता. मगे बोलणा थयच सुचता. राजाचो वेष चढलो काय राजाची भाषा येता."

म्हणजे बघा, मैत्रिणींनो. शाळा लवकर सुटलेला, घरीदारी मालवणीच बोलणारा माणूस, हातात कागद नाही, आणि रात्रभर प्रमाण मराठी बोलतोय. तीही अशी की मी एम.ए. मराठी असून मला जमणार नाही. कुणी त्याला "माका नाही, मला म्हण" असं शिकवलं नव्हतं. तो लहानपणापासून ऐकत आला, मग लहानसहान पार्ट करत गेला, आणि ज्याचा पार्ट त्याची भाषा बोलत गेला. गंमत म्हणजे त्याची मालवणी कुठे गेली नव्हती. चहा पिताना ती होतीच. त्याच्या तोंडात दोन्ही भाषा सुखानं नांदत होत्या.

मी मात्र वर्गात एकीला आत घ्यायचं म्हणून दुसरीला बाहेर हाकलत होते. आणि स्नेहसंमेलनात मी जे केलं ते नाटक नव्हतंच. ते पाठांतर होतं, फक्त स्टेजवर उभं राहून केलेलं.

वैभववाडी ते उंबर्डे, एस.टी.

पुढच्याच आठवड्यात शेवटच्या तासाला मी वर्गातले बाक दोन रांगांत लावायला सांगितले. म्हटलं, "ही एस.टी. आहे. वैभववाडीहून सुटली, उंबर्ड्याला चाललीय. दप्तरं बाहेर ठेवा." एकेचाळीस पोरं एका दमात गाडीत चढली. ड्रायव्हर व्हायला दहाजण पुढे आले. म्हातारा, कोळीण, मुंबईचा चाकरमानी, सगळे आपसूक ठरले. कंडक्टर व्हायला मात्र कुणी तयार नव्हतं, कारण त्याला सगळ्यांशी बोलावं लागतं.

मी माझी जुनी चामडी पर्स त्या मुलीच्या खांद्यावर अडकवली आणि हळूच म्हटलं, "बोलायचं नाही. नुसती तिकिटं फाडून दे." तिनं मान हलवली. वहीचा कागद फाडून तिकिटं देत देत मागे गेली. मागच्या बाकावर एक व्रात्य कार्टं तिकीट न काढता झोपेचं सोंग घेऊन पडलेलं. ती थांबली. त्याला हलवलं. तो उठेना. आणि एकदम तिचा आवाज आला, असा खणखणीत की शेजारच्या वर्गातले सर डोकावले,

"ओ पावणे! तिकीट काढलास? नाय? मगे उतरा खाली! गाडी काय तुमच्या बापाशीची नाय!"

वर्ग हसला. पण हे हसणं वेगळं होतं. ते तिला नव्हतं, कंडक्टरला होतं. तिलाही ते कळलं. मग ती थांबेनाच. म्हातारीला हात धरून बसवलं, सुट्ट्या पैशांवरून चाकरमान्याशी भांडली, डबल बेल दिली.

मला राहवेना. पुढच्या स्टॉपला मी गाडीत चढले. म्हटलं, "अहो कंडक्टर, मी पुण्याहून आलेय. मला मालवणी कळत नाही हो. ही गाडी नापण्याच्या धबधब्याला जाते का?" क्षणभर ती थबकली. माझ्याकडे, म्हणजे बाईंकडे बघितलं. मग पर्स सावरून म्हणाली, "नाही मॅडम. तुम्ही चुकीच्या गाडीत बसलात. फाट्यावर उतरा, तिथून दुसरी गाडी मिळेल. काळजी करू नका."

'काळजी करू नका!' हे वाक्य मी तिला कधीच शिकवलं नव्हतं. कुठल्या तरी एस.टी.त, कुठल्या तरी कंडक्टरकडून तिनं ते ऐकलं असणार. मराठी तिच्या आत भरपूर होती. मी तिला बाहेर यायला दारच ठेवलं नव्हतं.

असं का होतं, यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. मला वाटतं, भूमिका घेतली की चुकण्याची भीती आपली राहत नाही. चुकला तर कंडक्टर चुकतो, मी नाही. शिवाय बोलण्याला कारण मिळतं. "मला म्हण" म्हटल्यावर मूल बाईंसाठी 'मला' म्हणतं. पुण्याच्या पाहुणीला मालवणी कळत नसेल, तर मात्र तिच्यासाठी दुसरे शब्द शोधावेच लागतात. तेव्हा प्रमाण भाषा म्हणजे शिक्षा राहत नाही, गरज होते.

हे काही माझं डोकं नव्हे

मला वाटलं, मी फार मोठा शोध लावला. मग वाचत गेले तसं कळलं की हा रस्ता आधीच मळलेला आहे. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी नव्वदहून जास्त वर्षांपूर्वी 'दिवास्वप्न' लिहिलं. त्यातला शिक्षक आधी गोष्ट सांगतो आणि मग मुलांना ती गोष्ट करून बघायला देतो. आपल्या ताराबाई मोडक भावनगरला त्यांच्यासोबतच काम करत होत्या. पुढे १९४५ साली त्यांनी बोर्डीला गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, आणि नंतर अनुताई वाघांबरोबर कोसबाडला.

आणखी जवळचं सांगू? घाटाच्या वर, माझ्या माहेरच्या कोल्हापुरात, लीलाताई पाटील यांनी १९८५ सालीच 'सृजन आनंद विद्यालय' सुरू केलं होतं. मुलांनी अनुभवातून, आनंदानं शिकावं यासाठी त्या २०२० मध्ये जाईपर्यंत लिहीत-बोलत राहिल्या. माहेरी दर दिवाळीला जाणाऱ्या मला त्याचा पत्ता नव्हता!

आणि तिकडे इंग्लंडमध्ये डोरोथी हीथकोट नावाच्या बाई होत्या. जन्म १९२६चा. चौदाव्या वर्षी शाळा सोडून लोकरीच्या गिरणीत कामाला लागलेल्या. नंतर त्या नाट्यशिक्षण घेऊन विद्यापीठात शिक्षकांना शिकवू लागल्या. त्यांची पद्धत अशी, की बाईंनी बाहेर उभं राहून सूचना द्यायच्या नाहीत, स्वतःच एक भूमिका घेऊन खेळात उतरायचं. आणि मुलांना द्यायची ती जाणकाराची भूमिका. म्हणजे अडलेल्या आपण, वाट दाखवणारी मुलं. मी गाडीत पुण्याची पाहुणी होऊन चढले, तेव्हा नकळत तेच केलं होतं.

चुका, तक्रारी आणि थोडी शिस्त

सगळं गोडीगुलाबीनं झालं असं समजू नका. पहिले काही तास नुसता गोंधळ. शेजारच्या वर्गाची तक्रार, वरून "पोर्शन कधी पुरा करणार?" हा प्रश्न, आणि एका पालकानं तर तोंडावर सुनावलं, "पोरांना शिकायला पाठवतो बाई, नाटकं करायला नव्हे." त्यांचंही चूक नव्हतं. परीक्षेत एस.टी. येत नाही, पत्रलेखन येतं.

मग मी शहाणी झाले. आठवड्यातून एकच तास ठेवला. त्यातही खेळ पंधरा-वीस मिनिटांचा. एकेचाळीस जणांनी एकदम बोलायचं नाही, दोघा-दोघांच्या जोड्या करायच्या. एक दुकानदार, एक गिऱ्हाईक. एक डॉक्टर, एक पेशंट. डॉक्टरांना नुसतं "दुखतंय" सांगून चालत नाही. कुठं, केव्हापासून, ठणकतंय की चमक येते, जळजळतंय की मळमळतंय, हे सांगावं लागतं. एवढे शब्द मी फळ्यावर लिहून दिले असते तर कुणाच्या लक्षात राहिले असते?

पाठ शिकवून झाला की त्यातल्याच एखाद्या माणसाला खुर्चीवर बसवायचं आणि मुलांनी त्याला प्रश्न विचारायचे, "तू असं का वागलास?" उत्तर पुस्तकात नसतंच. खुर्चीतल्याला विचार करून द्यावं लागतं. आणि खेळ संपला की त्यावरच लिहायचं. कंडक्टरनं डेपोला लिहिलेला अर्ज, चुकलेल्या पाहुणीनं आभाराचं पत्र. पत्रलेखनाचे मार्क असे आपोआप आले, आणि तक्रारी थांबल्या.

चुकीचं बोलणं दुरुस्त करायचं नाही का? करायचं, पण मध्ये तोडून नाही. मी कोपऱ्यात वही घेऊन बसायची. शेवटी दोन-तीन वाक्यं फळ्यावर घ्यायची. कुणाचं नाव नाही. विचारायची, "हे घरी कसं म्हणाल? आणि हेच कलेक्टरसाहेबांना कसं सांगाल?" फळ्याच्या डाव्या बाजूला मालवणी, उजव्या बाजूला प्रमाण. काट मारायची नाही कशावरच. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मुलांच्या घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय, ते वाचून मला आमच्या त्या फळ्याची आठवण झाली.

दोन गोष्टी मात्र मला उशिरा कळल्या. एक म्हणजे, सवयीनं मी मुलींना आई, नर्स, भाजीवाली अशाच भूमिका देत होते. सरपंच आणि साहेब मुलगेच. दशावतारात पुरुष लुगडं नेसून राणी होतात, मग आमच्या मुलींनी सरपंच व्हायला काय हरकत आहे? तेव्हापासून भूमिका चिठ्ठ्या टाकून ठरू लागल्या. दुसरी गोष्ट नकलेची. एकदा मुलांनी एका वाडीच्या बोलण्याची इतकी टिंगल केली की त्या वाडीवरचा मुलगा रडायला लागला. त्या दिवशी नियम केला, की खेळातल्या गमतीला हसायचं, पण कुणाच्या घरच्या बोलण्याला नाही. आणि ज्याला बोलायचंच नाही त्याच्यावर सक्ती नाही. त्यानं झाड व्हावं, दार व्हावं, तिकिटं फाडावीत. वेळ आली की तो बोलतो.

पाटाचं काउंटर

त्या मुलीची परीक्षा झाली. ती सहावीत आली. मला वाटलं, आता तिची आई काही बोलणार नाही. एक दिवस ती शाळेत आली. मला वाटलं, नाव काढायला आली. ती दारात उभी राहून म्हणाली, "बाई, तुमी पोरांका खेळ शिकवतात, तो आमका शिकवशात?"

झालं होतं असं, की त्यांच्या वाडीवर बायकांचा बचत गट होता. पैसे जमा व्हायचे, पण बँकेत जायची वेळ आली की सगळ्याजणी मागे. काउंटरवरून "काय पाहिजे? लवकर बोला" असं आलं की घसा कोरडा पडायचा. म्हणून शेजारचा एक मुलगा दर वेळी त्यांच्यातर्फे जायचा. पासबुक त्याच्याकडेच. शिल्लक किती, हे गटातल्या एकीलाही नक्की ठाऊक नव्हतं.

रविवारी मी वाडीवर गेले. पंधरा-सोळा बायका अंगणात. पाट उभा करून काउंटर झालं. साहेब कोण? सगळ्या एकमेकींच्या पदराआड. तेवढ्यात ती मुलगी पुढे आली, माझा चष्मा स्वतःच्या नाकावर चढवला आणि पाटामागे जाऊन बसली. बायका हसून लोळल्या.

पहिली काकी गेली, दुसरी गेली. साहेब सगळ्यांना "पुढच्या आठवड्यात या" म्हणून वाटेला लावत होता. मग तिची आई उठली. पदर खोचला. "साहेब, गटाच्या खात्यातून पैसे काढायचे आहेत. स्लिप भरून आणलीय. अध्यक्ष आणि सचिव, दोघींच्या सह्या आहेत."

"पुढच्या आठवड्यात या."

आई गप्प झाली. सगळ्या बघत होत्या. मुलगी चष्म्यावरून बघत होती. मग आई एकेक शब्द जुळवत म्हणाली, "का? आज काय अडचण आहे? तेवढं सांगा, मग जाते."

अंगणात टाळ्या पडल्या. साहेबानं चष्मा काढला आणि आईच्या गळ्यात पडला.

दहा-बारा दिवसांनी ती मला बाजारात भेटली. पिशवीत कोथिंबीर आणि नवं पासबुकाचं कव्हर. म्हणाली, "जावन इलंय, बाई. पाय थरथरत होते. पण चेडवान शिकवल्यान ताच बोललंय." पासबुक आता तिच्याच पिशवीत असायचं. आणि मुलीला सातवीनंतर घरी बसवायचं, हा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

घरी करून बघा

मैत्रिणींनो, यासाठी शिक्षिका असायला हवं असं नाही. पैसे लागत नाहीत, साहित्य लागत नाही. मूल दुकान-दुकान खेळत असेल तर गिऱ्हाईक व्हा आणि जरा त्रास द्या. "कालचं नारळ नासकं निघालं, आता काय करू?" असं विचारा. बघा ते काय उत्तर देतं.

इंग्रजीची भीती असेल तर तीही अशीच जाते. आपल्या राज्यात २०००-०१ पासून पहिलीपासून इंग्रजी आलं, पण पुष्कळ घरांत आईला ते येत नाही म्हणून ती अभ्यासाला बसत नाही. उलट करा. तुम्ही परदेशी पाहुणी व्हा, जिला फक्त बोटानं दाखवता येतं. पोराला दुकानदार करा. त्याला जे दोन-चार शब्द येतात त्यांत तो तुम्हाला चहा विकेल. चुकला तर चुकू द्या. चहा मिळाला ना?

मुंबईची नातवंडं मे महिन्यात आली की आजीनं त्यांना मालवणी बोलता येईना म्हणून हिणवू नये. त्यांना 'आजी' करावं आणि स्वतः नात व्हावं. आजीसारखं ओरडायचं म्हटलं की मालवणी आपोआप येते, हा माझा अनुभव आहे.

आणि एक कराच. दवाखान्यात, बँकेत, शाळेच्या ऑफिसात जायचं असेल आणि छातीत धडधडत असेल, तर आदल्या रात्री मुलीला साहेब करा. पहिलं वाक्य तेवढं ठरवून घ्या. बाकीचं तिथे सुचतं, त्या दशावतारी राजासारखं.

परवा त्या मुलीचा फोन आला. तिला आता साडेचार वर्षांचा मुलगा आहे. त्याला बालवर्गात घातलंय. ती म्हणाली, "बाई, तो शाळेत एक शब्द बोलत नाही. घरी नुसता बडबडतो. तिथल्या बाई म्हणतात, लाजाळू आहे."

मी काळजीनं विचारलं, "मग गो?"

"मग काय, काल आम्ही शाळा-शाळा खेळलो. तो बाई झाला, मी तो झाले. मी बोललेच नाही. गप्प बसून राहिले. तर तो जवळ आला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, 'घाबरू नको हां, तुला आठवेल तेव्हा सांग.'"

अठरा वर्षांपूर्वी त्या मांडवामागे मी तिला हेच म्हणायला हवं होतं.